शमी आणि कुंदा

एका राज्यात माती पळू लागली होती. सकाळी दारापुढे असलेले शेत दुपारी ओढ्यापलीकडे जाई. विहिरी बुजत, भिंती सरकत, माणसे उभ्यानेच दोन घास खात. राजा अरिंजयाने शापित धनासाठी माळ खणला आणि त्यावरचे पाते न् पाते उपटले, तेव्हापासूनची ही दशा. आता राजा स्वतःच सिंहासनासह कमरेपर्यंत रुतला होता.

त्याची कन्या विभावती मांत्रिक भस्मजटाकडे गेली. शाप त्याचाच होता.

"तीन कामे कर," तो म्हणाला. "शमीचे निजलेले बी रुजव. कुंद्याचे गवत मूळ न तोडता आण. मग दोघांत थोर कोण ते सांग. जो हरेल तो तुझ्या राज्यातून कायमचा जाईल."

"बी दगडावर घास, कोमट पाण्यात ठेव," वाटेत भेटलेल्या टिटवीने सांगितले. विभावतीने तसे करून ते माळावर पेरले. बी उकलले आणि पाहता पाहता शमीचा वृक्ष झाला. ओढ्याकाठचा कुंदा उकरताना तिची बोटे सोलली, पण मूळ अखंड निघाले. माळावर टेकताच तो चहूकडे पसरला.

मग ती दोघांना पारखू लागली. शमीची मुळे पाताळात रुतली होती, पण भोवतीची माती वाहून ती उघडी पडत होती. कुंद्याने वरची माती घट्ट धरली होती, पण तो अख्खा हिरवा पट्टाच चरत्या वासरांसह घसरत चालला होता.

टिटवी ओरडत आली, "राजा गळ्यापर्यंत रुतला!"

"बोल, कोण थोर?" माळावर येऊन मांत्रिक गरजला.

एकाचे नाव घ्यावे तर दुसरा जाणार. विभावती धावली, कुंद्याचे ठोंब उचलून शमीच्या बुंध्याभोवती लावत सुटली. मुळात मूळ गुंतले. माती थरथरली आणि थांबली.

"मी एकाचे नाव मागितले होते," मांत्रिक म्हणाला.

"एकाने माझे राज्य तगत नाही. दंड मला करा."

"आजवर आलेल्या प्रत्येकाने एकच निवडला," भस्मजट म्हणाला, "आणि प्रत्येकाचे राज्य बुडाले." त्याने आपला मंत्रदंड मोडून टाकला. शाप सुटला.

राजाला फावड्यांनी उकरून काढावे लागले. मातीने माखलेला तो माळावर आला, तेव्हा विभावती शमीखाली गाढ झोपली होती. सेवक तिला हाक मारू लागले. राजाने ओठांवर बोट ठेवले आणि तिच्या उशाशी गवतात बसून राहिला.