टोपीवाली चिटुकली आणि फुगलेलं घर

नाकातलं बोट काढा बघू. गोष्ट तिथलीच आहे.

ओजूच्या नाकात होती घरं. इवली इवली. डोळ्यांना दिसणार नाहीत एवढी इवली. अशा घराला म्हणतात पेशी.

एका घरात राहायची एक चिठ्ठी. नाव तिचं चिटुकली. डोक्यावर लाल टोपी. अंगावर लिहिलेलं, ‘शेंबूड कसा करायचा.’

हसू नका. शेंबूड फार कामाचा. नाकात घाण शिरली की तोच तिला चिकटतो आणि बाहेर ओढतो.

त्या घरात होते आचारीकाका. चिठ्ठी पुढे आली की वाचायची. वाचली की तेच रांधायचं. चिठ्ठी कुणाची, आली कुठून, काही म्हणजे काही विचारायचं नाही. असा भोळा माणूस.

एके दिवशी चिटुकली निघाली. टुणुक टुणुक. रांगेत पहिली उभी राहिली. आज तिची पाळी.

एवढ्यात दारावर आला एक विषाणू. टक टक. त्याला ना हात, ना पाय, ना चूल. पोटात फक्त एक चिठ्ठी, तीही बिनटोपीची. ती त्याने आत सोडली. सुळ्ळकन. चिठ्ठी घुसली रांगेत, थेट चिटुकलीच्या पुढे. तिच्यावर लिहिलेलं, ‘माझ्यासारखे पुष्कळ करा.’

आचारीकाकांनी वाचलं. आणि लागले की रांधायला. रटरट रटरट.

आधी झाला एक नकल्या. तो बसला चिठ्ठीच्या नकला करायला. खर्र खर्र, खर्र खर्र. एकीच्या दहा, दहाच्या शंभर. घाईघाईत अक्षरंही चुकवली बेट्याने. मग झाले नवे विषाणू. एक, दोन, पुष्कळ.

घर फुगलं. टम्म.

अजून थोडे विषाणू झाले की घर फुटणार. मग ते सगळे शेजारच्या घरात शिरणार. चिटुकलीला रडू आलं. पण रडून घर थोडंच वाचतं?

ती म्हणाली,
“आचारीकाका, आचारीकाका, थांबा ना.
माझी पाळी येईना.”

आचारीकाका म्हणाले, “मी नाही थांबत जा. कात्रीने चिठ्ठी कापली तर थांबेन.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, चिटुकली गेली कात्रीताईकडे.

“कात्रीताई, कात्रीताई, चाल ना.
आचारी थांबेना,
माझी पाळी येईना.”

कात्रीताई म्हणाली, “मी नाही चालत जा. घंटी वाजली तर चालेन.”

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, चिटुकली गेली घंटीमावशीकडे.

“घंटीमावशी, घंटीमावशी, वाज ना.
कात्री चालेना,
आचारी थांबेना,
माझी पाळी येईना.”

घंटीमावशी म्हणाली, “मी नाही वाजत जा. राखणदाराने दोरी ओढली तर वाजेन.”

घर आणखी फुगलं. भिंत कुरकुरली. कर्र कर्र.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, चिटुकली गेली राखणदार आजोबांकडे. आजोबांना दिसायचं नाही. ते डोकं चाचपायचे. टोपी लागली तर चिठ्ठी आपली. टोपी नाही तर परकी. हाच त्या घरचा रिवाज.

“आजोबा, आजोबा, दोरी ओढा ना.
घंटी वाजेना,
कात्री चालेना,
आचारी थांबेना,
माझी पाळी येईना.”

आजोबा म्हणाले, “मी नाही ओढत जा. बिनटोपीचं डोकं हाताला लागलं तर ओढेन.”

चिटुकलीने इकडे बघितलं. चिटुकलीने तिकडे बघितलं. जिकडे बघावं तिकडे नकलाच नकला. नकल्याने केल्या होत्या ना ढीगभर! तिने एक धरली घट्ट. ओढत आणली आजोबांपुढे. फरफर फरफर.

आजोबांनी चिटुकलीचं डोकं चाचपलं. टोपी.

“ही आपली.”

नकलेचं डोकं चाचपलं. गुळगुळीत. पुन्हा चाचपलं. गुळगुळीतच.

“ही परकी.”

मग काय विचारता!

आजोबांनी दोरी ओढली.

दोरी ओढली, घंटी वाजली. टण टण टण टण. शेजारच्या घरांनी ऐकलं. दारं लावली. धाड, धाड, धाड.

घंटी वाजली, कात्री चालली. कचकच कचकच. बिनटोपीच्या चिठ्ठ्यांचे तुकडेच तुकडे. नकल्या बसला हात चोळत.

कात्री चालली, आचारी थांबला.

आचारी थांबला, चिटुकलीची पाळी आली.

“ये गं बाई पुढे,” आचारीकाका म्हणाले.

त्यांनी वाचलं आणि केला शेंबूड. घट्ट घट्ट, चिकट चिकट. तो दारातून निघाला. विषाणू त्यात चिकटले. पळता येईना, सुटता येईना. घर पुन्हा हलकं झालं. शेंबूड चालला खाली. सर्र सर्र सर्र.

ओजूच्या नाकात गुदगुल्या झाल्या.

आ... आ... आक्छी!

सगळे विषाणू रुमालात.

“बाई बाई, केवढा हा शेंबूड,” ओजूची आई म्हणाली.

आत चिटुकली ऐटीत म्हणाली, “माझाच आहे तो.”