साळूबाईचं तीन बटणांचं यंत्र

जंगलातही बाजार भरायचे, त्या काळची गोष्ट. वडाखाली साळूबाई नावाच्या साळिंदराचं फळांचं दुकान होतं. फळ विकलं की ती एक पान पाठीच्या काट्याला टोचायची. गिऱ्हाईक वाढलं, काटे पुरेनात. तेव्हा तिनं विक्रीची नोंद ठेवणारं यंत्र घ्यायचं ठरवलं.

यंत्रं विकणारा धनेश पक्षी दोन नमुने घेऊन आला. एक चाळीस बटणांचं, एक तीन बटणांचं.

"मोठंच घ्या," तो चोच वर करून म्हणाला. "गिऱ्हाइकाची सगळी कुंडली ठेवतं, पावसाचा अंदाजही देतं. ते छोटं काय, कोणतं फळ, किती विकलं, किती उरलं, एवढंच सांगतं."

"मग धनेशराव, पहिलं गिऱ्हाईक तुम्हीच व्हा," साळूबाई म्हणाली. "मोठ्या यंत्रावर."

धनेशानं ऐटीत दहा उंबरं मागितली. यंत्रानं नाव विचारलं, मग झाड, मग ढोलीची दिशा, मग आवडता ऋतू. मागे रांग वाढली, अस्वल गुरगुरायला लागलं. धनेशाची चुळबुळ सुरू झाली. त्याची बायको ढोलीचं दार लिंपून आत अंड्यांवर बसली होती आणि तिला भरवणारा तो एकटाच होता.

"अहो, त्या छोट्यावर करा की!" शेवटी तो ओरडला. "बायको उपाशी आहे माझी!"

साळूबाईनं तीन बटणं दाबली आणि उंबरं त्याच्या पुढ्यात ठेवली.

"छोटं इथंच राहू द्या," ती म्हणाली. "पावसाचं मला मुंग्या सांगतात. तुम्ही आधी घर गाठा."