पाणछत्रीचे पाणी

एका राज्यात, जिथला समुद्र राजालाही जुमानत नसे, वीरकेतू नावाचा राजा होता आणि कनकलेखा नावाची त्याची राणी होती. राणीला नथीसाठी टपोरा मोती हवा होता. तिचा हट्ट पुरवायला राजाने एका मांत्रिकाने समुद्रतळाशी पुरलेल्या शापित खजिन्यात हात घातला. मोती मुठीत आला, आणि मूठ मिटली ती मिटलीच. आधी बोटे लाकडासारखी ताठरली, मग मनगट, मग खांदा. सांधा न् सांधा आखडत गेला. अखेर जबडा बसला. आता आखडायचे काळीज तेवढे उरले होते.

राणीला काही सुचेना. मोती तिनेच मागितला होता. राजवैद्य म्हणे शेक द्या, ज्योतिषी म्हणे शेकू नका. कोणाचे ऐकावे? तेवढ्यात सज्जावर कुरव नावाचा एक समुद्रपक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलला.

“राणी, तीन कामे कर. पाणछत्री आण. तिचे पाणी काढ. उरेल ते राजाच्या पोटात घाल.”

आपण जिला जेलीफिश म्हणतो, तिला त्या राज्यात पाणछत्री म्हणत. हाड नाही, रक्त नाही, डोके कुठे तेही कळत नाही.

“असल्या बुळबुळीत जिवाने काय होणार?” राणीने विचारले.

“माणसाचे सांधे ज्या चिवट धाग्याने धरलेले असतात, त्याच धाग्याचे तिचे सगळे अंग आहे.”

राणीला हे मुळीच समजले नाही. तरी ती होडीत बसली. जाळ्यात पाणछत्र्या फाटत, म्हणून तिने हातांनीच धरल्या. त्यांच्या डंखांनी हात सुजले, पण घंगाळ भरले.

दुसरे काम. कुरवाने सांगितले तसे तिने मीठ आणि तुरटी चोळली, वर पाटा ठेवला. सकाळी पाहते तो घंगाळात जेमतेम ओंजळभर कातडे!

“चोरी झाली!” राणी ओरडली. बिचाऱ्या पहारेकऱ्यांची झडती झाली.

“चोरी नाही,” कुरव म्हणाला. “बाकीचे सगळे पाणीच होते.”

उरले तिसरे काम. पण मुदपाकखान्याची एक रीत होती. आचारी नरहरभट हात जोडून म्हणाला, “महाराणी, राजाच्या ताटात वाफ न निघणारे अन्न आजवर गेलेले नाही.”

“मग काय करायचे?” राणीने कुरवाला विचारले.

“मी पक्षी आहे. मी शिजवत नाही.”

नरहरभटाने ते कातडे धुतले, पातेल्यात उकळत ठेवले आणि बऱ्याच वेळाने आत डोकावला. पातेल्यात नुसते पाणी! त्याने पळीने तळ खरवडला, चुलीखाली पाहिले, स्वतःच्या धोतराचा सोगासुद्धा झटकला.

“तू खाल्लेस?” राणीने विचारले.

“देवाशपथ नाही!” तो रडकुंडीला आला.

राणीने राजाच्या छातीवर हात ठेवला. ठोके विरळ झाले होते. तिचे तिन्ही प्रयत्न वाया गेले होते. जाणाऱ्याच्या तोंडात शेवटचे पाणी घालतात, तेवढेच आता तिच्या हाती होते. झारी आणायलाही वेळ नव्हता. तिने पदराचे टोक त्याच पातेल्यात बुडवले आणि मिटलेल्या दातांच्या फटीत पिळले. निवत आलेले ते पाणी बोटांना सरसासारखे चिकटत होते. ती रडत राहिली, पिळत राहिली.

राजाने घोट गिळला.

जबडा सुटला. मग मान, खांदा, मनगट. मूठ उघडली आणि मोती घरंगळला.

“तुझा मोती,” राजा पुटपुटला.

“आग लागो त्याला!” म्हणत राणीने तो सांडशीने उचलला आणि समुद्रात भिरकावला. समुद्राने तो गिळला, शाप फिटला, दरबार पुन्हा भरू लागला.

राणीने कुरवाला विचारले, “गुण कशाने आला? तुरटीने, त्या धाग्याने, की माझ्या रडण्याने?”

“मला काय ठाऊक?” म्हणून तो उडून गेला.

राणीला ते कधीच उमगले नाही. तिने नथीतली मोत्याची जागा मात्र रिकामीच ठेवली. राजा कधी लाडाने त्या जागेला बोट लावी. तेव्हा ते बोट नीट वाकते आहे ना, एवढेच राणी आधी पाहून घेई.