एकटे सोडलेले पाखरू

एका राज्यात, ज्याचे नाव सांगणारे आता कुणी उरले नाही, हेमवती नावाची बाई सकाळी अंगणात उडदाची डाळ निवडत बसली होती. ऊन नेहमीचे होते. शेजारची सून विहिरीवर कळशी आपटत होती. दाराच्या चौकटीवर साळुंकी बसली होती. ती माणसांसारखी बोलत असे, आणि त्या राज्यात त्याचे कुणाला नवल वाटत नसे.

तेव्हा राजवाड्याचा भालदार आला. तो उन्हातच उभा राहिला आणि उगीच पागोटे सारखे करू लागला.

"बाई, दुभाषी गेले," तो म्हणाला.

"कुठे गेले?"

"ते कुणाला ठाऊक नाही."

हेमवतीने सूप खाली ठेवले.

हेमवतीचा नवरा शुभंकर हा राजाचा दुभाषी होता. समुद्रापलीकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांची भाषा त्या राज्यात पाखरांच्या रूपाने राहत असे. एकेक शब्द म्हणजे एकेक पाखरू. राजाच्या आजोबांना ती पाखरे कालकंठ नावाच्या मांत्रिकाने दिली होती, आणि देताना एक अट घातली होती. कोणतेही पाखरू पिंजऱ्यातून एकटे सोडायचे नाही. कारण त्या भाषेतले कित्येक शब्द एकमेकांची सख्खी भावंडे शोभतील असे होते. पीठही 'फ्लावर' म्हणून ओरडे आणि फूलही 'फ्लावर' म्हणून ओरडे. आठवडा आणि अशक्त, दोघांचा आवाज 'वीक'. पंखावरच्या एका बारीक रेघेचा काय तो फरक. म्हणून प्रत्येक पाखराला एक जोडीदार दिलेला असे. पीठ सुटले की त्याच्यासोबत मळणे सुटे, फूल सुटले की माळणे सुटे. शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यावरून, अशी दुभाष्यांची पिढीजात रीत होती.

ती रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आपल्या घरात, आपल्या भाषेतही ते सुटा शब्द उच्चारत नसत. शुभंकर कधी नुसते पाणी मागत नसे, माठातले पाणी मागे. नुसता भात नव्हे, कढत भात. हेमवती त्याला हसे.

"नुसतं पाणी म्हणालात तर काय पूर येणार आहे?"

"नदीचा पूर येईल," तो म्हणे.

भालदाराने आता घडले ते सांगितले. काल दरबारात व्यापाऱ्यांशी बोलणी लांबली. महाराज कंटाळले. ते म्हणाले, यांना एका शब्दात सांग, थांबा म्हणून. दुभाषी म्हणाले, महाराज, एकटे पाखरू सोडत नाहीत. महाराज म्हणाले, मी सांगतो म्हणून सोड. दुभाष्यांनी पिंजरा उघडला. 'वेट' हे पाखरू खिडकीतून बाहेर गेले, आणि दुभाषी उभे होते तिथे कुणीच नव्हते. त्याच क्षणी उरलेली सगळी पाखरे राखेच्या रंगाची झाली आणि कालकंठाच्या गुहेकडे उडून गेली.

"लोक म्हणतात, दुभाषी त्या पाखरांतच एक झालेत," भालदार म्हणाला. "कालकंठाचा निरोप आहे. दुभाष्याच्या घरचं कुणी येऊन तीन जोड्या ओळखल्या तर शाप सुटेल. चुकलं तर येणाराही राखेचं पाखरू होईल. महाराजांनी विचारलंय, रथ पाठवू का?"

"नको," हेमवती म्हणाली. "महाराजांनी आणखी काही पाठवू नये."

तिने डाळ झाकून ठेवली, सुई-दोऱ्याची पिशवी कमरेला खोचली आणि निघाली. साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

गुहा मिठागरांच्या पलीकडे होती. वाट पांढरी आणि सपाट होती. वाटेत बंदर लागले. जहाजे शिडे गुंडाळून उभी होती आणि धक्क्यावरची माणसे एकमेकांकडे बघत गप्प बसली होती.

"बाई, रडायचं असेल तर इथे रडून घे," साळुंकी म्हणाली. "गुहेत गेल्यावर जमायचं नाही."

"थकले आहे गं. रडायलाही अंगात बळ लागतं."

"मग मला खाली उतरव. तेवढंच ओझं कमी."

"बस. तुझं काय ओझं."

कालकंठ गुहेच्या तोंडाशी बसला होता. तो फार म्हातारा होता आणि त्याची सावली त्याच्याआधी बोलत असे. आत कडेकपारीत राखेच्या रंगाची असंख्य पाखरे एकाच आवाजात कुजबुजत होती.

"दुभाष्याची कोण तू?" सावलीने विचारले.

"बायको."

"बस," कालकंठ म्हणाला.

त्याने दोन पाखरे तिच्यापुढे ठेवली. दोन्ही 'फ्लावर' म्हणाली. "यातले पीठ कोणते?"

साळुंकीने मान तिरकी करून दोघांना न्याहाळले. "मी जातीचं पाखरू, पण मलाही कळत नाही," ती पुटपुटली.

"यांची तोंडं बघून काय कळणार?" हेमवती म्हणाली. "यांच्यापुढे काम मांडायला हवं." तिने कालकंठाच्या कमंडलूतले पाणी एका खळग्यात ओतले आणि शेजारी सुई-दोरा ठेवला. मग ती वाट बघत बसली. थोड्या वेळाने एक पाखरू पाण्याशी गेले आणि पंख भिजवू लागले. दुसऱ्याने दोऱ्याचे टोक चोचीत धरले.

"पाण्याकडे गेलं ते पीठ."

पाखराच्या पंखावर पांढरी रेघ उमटली. कालकंठाने दुसरी जोडी ठेवली. दोन्ही 'सन' म्हणाली. एक सूर्य होता, एक मुलगा.

"मुलगा कोणता?"

"तुमच्याकडे 'माझा' हा शब्द असेल. त्याला सोडा."

तो आला, दोघांभोवती फिरला आणि डावीकडच्याला बिलगून बसला.

"हा मुलगा," हेमवती म्हणाली. "सूर्याला कुणी माझा म्हणत नाही."

"राजे म्हणतात," कालकंठ म्हणाला.

"ते भाट म्हणतात, आणि राजे ऐकून घेतात."

सावली हसली. कालकंठ हसला नाही. त्याने तिसरी जोडी आणली, पण ती लगेच खाली ठेवली नाही.

"यांचा आवाज तुझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "यातला तुझा नवरा कोणता ते सांग, आणि घरी घेऊन जा. उंबरठा ओलांडताच तो माणूस होईल."

पाखरे तिच्या पुढ्यात बसली. पहिले म्हणाले, "हेमा, किती दमलीस." दुसरे म्हणाले, "हेमा, मला घरी ने."

आवाज शुभंकरचा होता. दोन्हींचा. सकाळी बसलेला घसा मोकळा करावा तशी ती किंचित घरघरही त्यात होती. साळुंकी खांद्यावर शहारली.

हेमवती पुढे वाकली. मग तिने पहिल्याला विचारले, "घरी गेल्यावर काय जेवाल?"

"भात," ते म्हणाले.

तिने दुसऱ्याकडे पाहिले. "आणि तुम्ही?"

"भाकरी."

गुहेत कुजबुज थांबली. हेमवतीने पदराने तोंड पुसले.

"अजून काहीतरी बोला," ती म्हणाली.

"बाई, आता काय विचारायचं राहिलंय?" साळुंकीने हळू विचारले.

"काही नाही. ऐकते आहे."

पाखरे बोलत राहिली. अंगण म्हणाली, पाऊस म्हणाली, तिचे नाव म्हणाली. ती ऐकत राहिली. बाहेर मिठावरचे ऊन कलले.

"ओळख," कालकंठ म्हणाला.

"यातलं एकही नाही."

"मी दोघांतला एक विचारला होता."

"विचारलात खरं. पण माझा माणूस सुटा शब्द बोलत नसे. कढत भात म्हणाला असता. कालची भाकरी म्हणाला असता."

"मेल्यावर माणसाच्या सवयी सुटतात."

"मग तो मेला आहे," हेमवती म्हणाली. "आत्ता तुम्हीच म्हणालात."

कालकंठाने डोळे मिटले. "अट मोडली त्याच क्षणी तो संपला," तो म्हणाला. "पाखरांत तो कधीच नव्हता. तरीही यातले एक ने. आवाज तोच आहे. महिनाभराने तुला फरक कळणार नाही."

"मला त्याचंच भय वाटतं," हेमवती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

ती उभी राहताच त्या दोन पाखरांची मूठभर राख झाली, आणि शाप सुटला. कडेकपारीतली पाखरे आपापल्या रंगांत परतली. पीठ मळण्याकडे गेले, फूल माळण्याकडे गेले, ज्याला त्याला आपला जोडीदार सापडला, आणि सगळा थवा मिठागरांवरून राजवाड्याकडे उडाला. बंदरातली माणसे पुन्हा बोलू लागली. जहाजांनी शिडे सोडली.

राजा पायी चालत हेमवतीच्या अंगणात आला. बरोबर छत्र नव्हते.

"माझ्या कंटाळ्याने तुमचं घर मोडलं," तो म्हणाला. "काय देऊ?"

"पिंजऱ्यांच्या किल्ल्या द्या. आणि पुन्हा कुणाला एका शब्दात सांग म्हणू नका."

राजाने किल्ल्या दिल्या आणि तसा हुकूम काढला. त्याच्या मुलानेही तो पाळला.

झाकून ठेवलेली डाळ हेमवतीने दुसऱ्या दिवशी भिजत घातली. पुढे दुभाष्याचे काम तीच करू लागली. सकाळी पाखरांना दाणे घाली, दुपारी दरबारात जाई, आणि कुणाला काय सांगायचे ते जोडीजोडीने सांगे. साळुंकी म्हणे, तुझं बोलणं हल्ली तुझ्या नवऱ्यासारखं लांबलं आहे.

"माठातलं पाणी दे," हेमवती म्हणे, "मग पुढचं ऐकते."

एका संध्याकाळी दरबारातून निसटलेले ते पाखरू परत आले. ते पिंजऱ्यांकडे गेले नाही. हेमवतीच्या दारावर, चौकटीपाशी बसले आणि 'वेट' म्हणाले. त्याचे भावंड, ज्याचा अर्थ वजन, राजवाड्यात आपल्या जोडीदारासोबत होते. याचा जोडीदार मात्र त्या दिवशी मागे राहून इतरांबरोबर गुहेकडे उडाला होता, आणि शाप सुटला तेव्हा परतलेल्या थव्यात तो नव्हता.

"याला नवा सोबती द्यायला हवा," साळुंकी म्हणाली. "'थोडं थांब' अशी जोडी लाव. नाहीतर 'इथे थांब'."

"बघू," हेमवती म्हणाली.

तिने त्याला दाणे घातले. ते अजून त्या चौकटीवर बसते. त्याची जोडी लावायची राहिली आहे.