केबलच्या तिकिटाला पडलेलं भोक

माझं म्हणणं कुणी खरं मानलं नाही. जुनी गोष्ट आहे. टपाल तिकिटांच्या वहीत मी, मुशी म्हणजे छोट्या शार्क माशाचं तिकीट, समुद्राखालच्या केबलच्या तिकिटाशेजारी राहायचे. एके दिवशी केबलला भोक पडलेलं दिसलं.

"मुशीनंच चावलं! हाकला हिला वहीबाहेर!" दीपगृहाचं तिकीट ओरडलं.

"मुडद्या, माझे दात छापील आहेत!" मी म्हटलं. सगळे फिदीफिदी हसले.

तेव्हा केबल म्हणाली, "आधी माझ्या पाठीचा डिंक खाल्लाय, मग कागद. मुशीताई तर कायम माझ्या शेजारी, पाठीमागं नाही." आणि तिनं आपला कोपरा उचलून दाखवला.

आज मी केबलशेजारीच मजेत आहे. डिंक खाऊन पाठीमागं ढेकरा देत बसलेली जी वहीबाहेर झटकली गेली, ती होती कागद खाणारी कसर.