नागरिकांची गॅलरी

प्रायोगिक नाटकांचं अनुदान बंद करायला निघालेले नगराध्यक्ष दादासाहेब ढमढेरे भर सभेत गरजले, "चाळीस टाळकी येतात यांच्या नाटकाला! जिथे बघायला माणूस नाही, तिथे पालिकेचा पैसा नाही!"

बाजू मांडायला आलेली दिग्दर्शिका मृदुला खांबेटे बोलायला उभी राहिली. तिने सहज वर पाहिलं.

"मान्य, दादासाहेब. पण ही सभाही पालिकेच्याच पैशावर चालते. नागरिकांच्या गॅलरीत बघा."

गॅलरीत एकच म्हातारा होता, तोही घोरत.

"गर्दी नाही म्हणून इथलं काम बिनकामाचं ठरत नाही. आमचंही तसंच. शिवाय आमच्याकडे कुणी घोरत नाही."

सभागृह खो-खो हसलं. दादासाहेबांनी ठराव मागे घेतला आणि मृदुलाचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या प्रयोगाला एक्केचाळीस माणसं आली. एक्केचाळिसावे दादासाहेब होते, डोळे टक्क उघडे ठेवून बसलेले.