मांडीवरचा डबा

आमच्या बंदरावर लोहखनिजातली ओल तपासायला मला ठेवलंय. घरी माझा भात रोज गिच्च होतो, हे बंदरवाल्यांना माहीत नाही. लाटांचे गचके बसले की ओल्या खनिजाचा चिखल होतो आणि जहाज खलाशांसकट कलंडतं. म्हणून मी माल जहाजात चढवायच्या कागदावरची सही अडवली, तर खाणमालक नाबरशेठ पांढऱ्या पँटीत तणतणत आले.

"मॅडम, ढिगावर धूळ उडतेय. ओल तुमच्या डोक्यात आहे. सही करा."

"करते की, शेठ," मी चाचरत म्हटलं. "ढिगाच्या आतला माल या डब्यात भरलाय. मांडीवर घेऊन गाडीतून गेटपर्यंत एक फेरी मारून या."

शेठनी रस्त्यातले खड्डे पाहिले. "झाकण द्या."

"कोरड्या मालाला झाकण कशाला?"

शेठ पँटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माल आठवडाभर वाळू दे."

मी मात्र घाबरून आधीच साबण आणून ठेवला होता.